सर्व्हरचा डेस्कटॉप आपल्या लॅपटॉपवर: उबुंटू, एक्सआरडीपी आणि एसएसएचचा बोगदा

माझी भाची भूगोलात एम.एस्सी. करते. प्रकल्पासाठी तिला उपग्रहाची चित्रं क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची होती आणि लॅपटॉपला रॅम होती जेमतेम ४ जीबी. एक चित्र उघडलं की माउसचा बाण जागच्या जागी थिजायचा. शेवटी महिन्यापुरता एक उबुंटू सर्व्हर भाड्याने घेतला, तेव्हा खरी अडचण समोर आली: त्या सर्व्हरला पडदाच नव्हता. काळ्या खिडकीत कमांड टाइप करायच्या, एवढंच. क्यूजीआयएस तर डोळ्यांनी बघून, माउस फिरवून वापरायची गोष्ट. दोन संध्याकाळी फोनवर बसून आम्ही ते जमवलं. त्याच क्रमाने इथे सांगतो. जिथे अडलो तिथे जास्त थांबेन.

कमांड मी फोनवर सांगाव्यात तशा, उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायच्या. कुठे मोठं अक्षर हवं असेल तर तसं सांगेन, बाकी सगळी लहान. "सुडो" (पुढची कमांड मालकाच्या अधिकाराने चालवणारा शब्द) म्हणजे एस-यू-डी-ओ, "एपीटी" म्हणजे ए-पी-टी, "एक्सआरडीपी" (सर्व्हरचा डेस्कटॉप दूरच्या लॅपटॉपवर दाखवणारा प्रोग्रॅम) म्हणजे एक्स-आर-डी-पी.

पडदा खरंच हवा आहे का?

वेबसाइट चालवायची असेल, डेटाबेस ठेवायचा असेल, तर सर्व्हरवर डेस्कटॉप बसवू नका. डेस्कटॉप नुसता उघडा असला तरी ढोबळमानाने अर्धा जीबी रॅम खातो. शिवाय जितकं सॉफ्टवेअर जास्त, तितके अपडेट जास्त. पण नकाशे, चित्रं, मांडणीची सॉफ्टवेअर किंवा तासन्‌तास चालणारं काम खिडकीत बघत करायचं असेल, तर त्याला पर्याय नाही.

आणखी एक फायदा आम्हाला नंतर कळला. भाचीच्या गावी वीज गेली, राउटर बंद पडला, तरी सर्व्हरवरचं काम चालूच राहिलं. अर्ध्या तासाने मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून परत जोडलं, तर खिडक्या सोडल्या तशाच उघड्या होत्या. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं सर्वात मोठं मोल यातच आहे.

मात्र साध्या भाड्याच्या सर्व्हरला ग्राफिक्स कार्ड नसतं. त्रिमितीय चित्रं फिरवायची असतील तर हा मार्ग तुम्हाला निराश करेल. सपाट नकाशे, मजकूर, तक्ते यांना काही अडत नाही.

सर्व्हर आणि चावी

सर्व्हर घेताना रॅमइतकंच अंतरही बघा. तुम्ही महाराष्ट्रात बसून काम करणार असाल तर मुंबईतलं डेटा सेंटर निवडा. अ‍ॅमेझॉन आणि गूगल दोघांची मुंबईत केंद्रं आहेत, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात आहे. अमेरिकेतला सर्व्हर थोडा स्वस्त मिळेलही, पण तुम्ही क्लिक केल्यावर संदेश समुद्राखालून तिकडे जाऊन परत यायला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी जातो. ऐकायला हे फार वाटत नाही. पण दिवसभर प्रत्येक क्लिकमागे तेवढं थांबलात की हात वैतागतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी अर्थात उलटा हिशोब करावा.

ऑपरेटिंग सिस्टीम उबुंटू २४.०४ घ्या. ती एप्रिल २०२४ मध्ये आली आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळणार आहेत. रॅम २ जीबीच्या खाली नको, क्यूजीआयएससारखं काही चालवायचं तर ८ जीबी बघा.

सर्व्हर घेण्याआधी आपल्या लॅपटॉपवर चावी तयार करा. दूरच्या सर्व्हरमध्ये सुरक्षितपणे शिरायचा प्रोग्रॅम म्हणजे एसएसएच, आणि विंडोज १० आणि ११ मध्ये तो आधीपासूनच असतो. पॉवरशेल (विंडोजची कमांड टाइप करायची खिडकी) उघडून टाइप करा:

एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९

विचारेल तिथे एंटर दाबा, पण पासफ्रेज विचारल्यावर एक लांबसं, लक्षात राहील असं वाक्य द्या. यातून दोन फायली तयार होतात. ज्या फाइलच्या नावाच्या शेवटी ".पब" आहे, म्हणजे पी-यू-बी, ती कुलूप समजा. ती कुणालाही द्यायला हरकत नाही. दुसरी फाइल म्हणजे चावी, ती लॅपटॉपच्या बाहेर जाता कामा नये. ना ईमेलने, ना व्हॉट्सअ‍ॅपवर. सर्व्हर घेताना कंपनीच्या फॉर्ममध्ये सार्वजनिक की मागतात, तिथे ".पब" फाइलमधली पूर्ण ओळ चिकटवा.

मग आत शिरा (आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या सर्व्हरचा पत्ता घाला):

एसएसएच उबुंटू@२०३.०.११३.१०

पहिल्यांदा तो विचारेल की या सर्व्हरवर विश्वास ठेवायचा का. त्याला "येस" हा पूर्ण शब्द टाइप करून उत्तर द्यावं लागतं.

डेस्कटॉप बसवणं

आत गेल्यावर:

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी अपग्रेड
सुडो एपीटी इन्स्टॉल एक्सएफसीई४ एक्सएफसीई४-गुडीज डीबस-एक्स११ एक्सआरडीपी

एक्सएफसीई हा डेस्कटॉप मी मुद्दाम निवडतो. उबुंटूचा नेहमीचा ग्नोम दिसायला देखणा आहे, पण त्याचे सरकते पडदे आणि सावल्या इंटरनेटवरून ओढत आणायला जड जातात. एक्सएफसीई १९९६ पासून आहे, साधा आहे, आणि दूरवरून वापरताना साधेपणाचाच फायदा होतो.

मधेच एखादी रंगीत चौकट येऊन "डिस्प्ले मॅनेजर कोणता?" असं विचारू शकते. "लाइटडीएम" निवडा, टॅब दाबून ओके करा. तो आपल्याला लागणारच नाही, कारण सर्व्हरला खरा मॉनिटर नाही. म्हणून नंतर ही कमांड द्या, म्हणजे सर्व्हर चालू होताना लाइटडीएम उगाच रॅम अडवणार नाही:

सुडो सिस्टमसीटीएल सेट-डीफॉल्ट मल्टी-यूजर.टार्गेट

आता डेस्कटॉप वापरण्यासाठी वेगळा वापरकर्ता बनवा. इथे बहुतेक नवे लोक अडकतात. भाड्याच्या सर्व्हरवरच्या "उबुंटू" या वापरकर्त्याला सहसा पासवर्डच नसतो, तो फक्त चावीने आत येतो. एक्सआरडीपी मात्र पासवर्ड मागतो. आमची पहिली संध्याकाळ यातच गेली. भाची परत परत विचारत होती, "मामा, पासवर्ड कोणता टाकू?" आणि मुळात तो अस्तित्वातच नव्हता.

सुडो अ‍ॅडयूजर नकाशा

"अ‍ॅडयूजर" हा सलग एक शब्द. "नकाशा" हे आम्ही ठेवलेलं नाव, तुम्ही दुसरं ठेवा. पासवर्ड लांब द्या. या वापरकर्त्याला सुडोचे अधिकार देऊ नका. ब्राउझर उघडणाऱ्या, फायली उतरवणाऱ्या माणसाच्या हातात सगळ्या घराच्या किल्ल्या कशाला?

आता त्याच्या घरात, म्हणजे होम फोल्डरमध्ये, जाऊन सांगायचं की लॉगिन केल्यावर कोणता डेस्कटॉप सुरू करायचा:

सुडो सु - नकाशा
इको एक्सएफसीई४-सेशन > ~/.एक्ससेशन
एक्झिट

दुसऱ्या ओळीतल्या फाइलच्या नावात सुरुवातीचा टिंब विसरू नका. ही फाइल त्या वापरकर्त्याच्याच घरात हवी. पहिली ओळ गाळून तुम्ही "उबुंटू" म्हणूनच ती लिहिली, तर ती भलत्याच घरात पडते, आणि मग डेस्कटॉप क्षणभर उघडून लगेच बंद होतो.

एक्सआरडीपीला त्याचं प्रमाणपत्र वाचता यावं म्हणून आणखी एक ओळ:

सुडो अ‍ॅडयूजर एक्सआरडीपी एसएसएल-सर्ट

३३८९ जगाला उघडा ठेवू नका

इंटरनेटवरची बहुतेक शिकवणी या टप्प्यावर सांगते की फायरवॉलमध्ये (बाहेरच्या जोडण्या अडवणाऱ्या भिंतीत) ३३८९ हा पोर्ट, म्हणजे त्या क्रमांकाचं दार, उघडा आणि जोडा. लगेच चालतं, म्हणून लोक तसंच ठेवतात. कृपा करून असं करू नका.

माझ्या पहिल्या सर्व्हरवर मी तो उघडा ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉग उघडला, तर ओळींवर ओळी: "रूट" नावाने प्रयत्न, "अ‍ॅडमिन" नावाने प्रयत्न, "टेस्ट" नावाने प्रयत्न, रात्रभर, थांबा न घेता. मला कुणी ओळखत नव्हतं, सर्व्हरवर काही मौल्यवानही नव्हतं. अख्ख्या इंटरनेटवर दारं ठोठावत फिरणारे प्रोग्रॅम असतात, आणि ३३८९ हे त्यांचं आवडतं दार आहे. २०१९ मध्ये विंडोजच्या रिमोट डेस्कटॉप सेवेत "ब्लूकीप" नावाची खोट सापडली, तेव्हा ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्येच मदत थांबवलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. ती खोट एक्सआरडीपीमध्ये नव्हती, पण पासवर्ड मागणारं दार रस्त्यावर उघडं ठेवण्यातला धोका तोच आहे.

म्हणून एक्सआरडीपीला सांगायचं की फक्त सर्व्हरच्या आतूनच ऐक:

सुडो नॅनो /ईटीसी/एक्सआरडीपी/एक्सआरडीपी.आयएनआय

फाइलच्या वरच्या भागात "ग्लोबल्स" या शीर्षकाखाली "पोर्ट=३३८९" अशी ओळ आहे. ती अशी करा (१२७.०.०.१ म्हणजे सर्व्हरचा स्वतःचा आतला पत्ता):

पोर्ट=टीसीपी://१२७.०.०.१:३३८९

अर्धविरामाने सुरू होणाऱ्या ओळी नुसत्या टिपा आहेत, त्या सोडा. खाली आणखी काही विभागांत "पोर्ट=-१" दिसेल, त्यालाही हात लावू नका. कंट्रोल आणि ओ, एंटर, मग कंट्रोल आणि एक्स. फाइल जतन होऊन बंद होईल. मग:

सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट एक्सआरडीपी
सुडो एसएस -टीएलएनपी | ग्रेप एक्सआरडीपी

दुसऱ्या कमांडच्या उत्तरात ३३८९ च्या आधी १२७.०.०.१ दिसलं पाहिजे. तिथे तारा (*) किंवा ०.०.०.० दिसलं तर दार अजून रस्त्यावर उघडं आहे, फाइल परत तपासा. ३३५० असा आकडा दिसला तर घाबरू नका, तो एक्सआरडीपीचाच आतला साथीदार आहे.

आता फायरवॉल. क्रम उलटा झाला तर तुम्हीच बाहेर अडकाल, म्हणून आधी एसएसएचला वाट द्या आणि मगच फायरवॉल चालू करा:

सुडो यूएफडब्ल्यू अलाऊ २२/टीसीपी
सुडो यूएफडब्ल्यू एनेबल

कंपनीच्या वेबसाइटवर वेगळी फायरवॉल असेल तर तिथेही २२ सोडून काही उघडं ठेवू नका.

शेवटी, एसएसएच पासवर्डने कुणाला आत घेत नाही ना, ते बघा. आत्ताच आपण पासवर्डवाला वापरकर्ता बनवलाय, त्यामुळे हे टाळू नका:

सुडो एसएसएचडी -टी | ग्रेप पासवर्डऑथेंटिकेशन

इथे "-टी" मधला टी मोठा. उत्तर "नो" आलं की झालं. "येस" आलं तर /ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग.डी या फोल्डरमध्ये "५०-क्लाउड-इनिट" नावाची फाइल आहे का बघा आणि तिच्यातलं "येस" बदलून "नो" करा. मुख्य फाइलमध्ये बदल करून अनेकदा काहीच होत नाही, कारण या फोल्डरमधल्या फायली आधी वाचल्या जातात आणि पहिलं सापडलेलं उत्तर ग्राह्य धरलं जातं. मग "सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट एसएसएच" करा. जुनी खिडकी उघडीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून आत जाता येतंय याची खात्री करा, मगच जुनी बंद करा.

बोगदा आणि जोडणी

एसएसएच हे १९९५ मध्ये फिनलंडच्या टाटू युलेनन यांनी लिहिलं, त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकल्यानंतर. त्या एकाच सुरक्षित वाटेतून दुसरी वाहतूकही नेता येते. त्यालाच टनेल किंवा बोगदा म्हणतात. लॅपटॉपच्या पॉवरशेलमध्ये:

एसएसएच -एल ३३९०:१२७.०.०.१:३३८९ -ओ सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल=३० उबुंटू@२०३.०.११३.१०

"-एल" मधला एल मोठा, "-ओ" मधला ओ लहान. अर्थ असा: माझ्या लॅपटॉपच्या ३३९० वर जे येईल ते बोगद्यातून नेऊन सर्व्हरच्या आतल्या ३३८९ वर सोड. लॅपटॉपकडे ३३८९ न घेता ३३९० घेतलाय, कारण विंडोज तो आकडा स्वतःसाठी समजतं आणि "स्वतःलाच कसं जोडू" म्हणून नकार देतं. तीसचा आकडा दर तीस सेकंदांनी हलकीशी खूण पाठवतो. मोबाइल इंटरनेटवर शांत पडलेली जोडणी तुटते, ती याने टिकते.

ही खिडकी बंद करू नका, छोटी करून ठेवा. ती बंद झाली की बोगदाही बंद.

आता विंडोजची आणि आर ही बटणं एकत्र दाबून "एमएसटीएससी" टाइप करा. रिमोट डेस्कटॉपची चौकट उघडेल. कॉम्प्युटरच्या जागी लिहा: लोकलहोस्ट:३३९०. मॅकवर हेच काम "विंडोज अ‍ॅप" करतं, लिनक्सवर "रेमिना". प्रमाणपत्र ओळखीचं नाही असा इशारा येईल. ते सर्व्हरने स्वतःच बनवलेलं आहे आणि आपण एसएसएचच्या आतून चाललोय, तेव्हा पुढे जा.

एक्सआरडीपीची लॉगिनची चौकट येईल. वर "एक्सऑर्ग" निवडलेलं असू द्या, खाली "नकाशा" आणि त्याचा पासवर्ड. काही सेकंदांत उंदराचं चिन्ह असलेला एक्सएफसीईचा डेस्कटॉप उघडतो. तो उघडला तेव्हा भाची फोनवर काही बोललीच नाही, नुसते क्लिकचे आवाज येत होते.

पडदा काळाच राहिला तर

बहुतेक तक्रारी एवढ्याच असतात, म्हणून जरा सविस्तर.

लॉगिनची चौकटच आली नाही तर दोष बोगद्यात आहे. पॉवरशेलची खिडकी बघा. "कनेक्शन रिफ्यूज्ड" अशी ओळ उमटली असेल तर बोगदा सर्व्हरपर्यंत पोचलाय, पण पलीकडे एक्सआरडीपी जागा नाही. "सुडो सिस्टमसीटीएल स्टेटस एक्सआरडीपी" करून तो चालू आहे का पाहा.

चौकट आली, पासवर्ड घेतला आणि लगेच सगळं बंद झालं, तर ".एक्ससेशन" फाइल चुकलीय. नाव, टिंब आणि कुणाच्या घरात आहे, या तीन गोष्टी तपासा. खरं कारण त्याच घरातल्या "~/.एक्ससेशन-एरर्स" या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. शेवटच्या दहा-वीस ओळी वाचा, इंग्रजी कितीही अवघड वाटलं तरी कुठल्या प्रोग्रॅमचं नाव परत परत येतंय तेवढं कळतं. तिथे काही नसेल तर "/व्हीएआर/लॉग/एक्सआरडीपी-सेसमन.लॉग" ही फाइल सुडोने बघा.

काही वेळ काम केल्यावर चहा पिऊन आलात आणि पडदा काळा दिसला, तर तो बहुतेक स्क्रीनसेव्हर असतो. एक्सएफसीईच्या सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीनसेव्हर आणि पडद्याला कुलूप लावणं दोन्ही बंद करा. पलीकडे कुणी बसलेलंच नाही, तर पडदा कुणापासून लपवायचा?

आणि जुन्या उघड्या खिडक्यांऐवजी अचानक कोरा डेस्कटॉप मिळाला, तर रिमोट डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये रंगांची खोली (कलर डेप्थ) बदलली गेलीय का ते बघा. एक्सआरडीपी वापरकर्ता आणि रंगांची खोली यांवरून आधीचं सत्र ओळखतो. खोली बदलली की त्याला तुम्ही नवीन वाटता.

वेग, आणि मराठी अक्षरं

एक्सएफसीईच्या सेटिंगमध्ये "विंडो मॅनेजर ट्वीक्स" आहे, तिथे "कंपोझिटर" बंद करा. सावल्या आणि पारदर्शकपणा जातो, पण खिडकी ओढताना होणारी ओढाताण थांबते. पार्श्वभूमीला फोटो न ठेवता एकच गडद रंग ठेवा, दर वेळी तो फोटो इंटरनेटवरून यावा लागत नाही. आमच्याकडे हॉटस्पॉटवर एवढ्या दोन बदलांनी पडलेला फरक डोळ्यांना दिसला.

मग भाचीने आपल्या फायली चढवल्या आणि फोन आला, "मामा, सगळ्या फोल्डरांची नावं चौकोन-चौकोन दिसतायत." तिने फोल्डरांना तालुक्यांची नावं मराठीत दिली होती. नव्या सर्व्हरवर देवनागरीचा फाँटच नसतो, तो असा आणा:

सुडो एपीटी इन्स्टॉल फाँट्स-लोहित-देवा

लॉगआउट करून परत आलं की चौकोनांच्या जागी शिराळा, वाळवा, पलूस ठळक दिसू लागले.

छोटा मजकूर कॉपी-पेस्ट होतो, पण मोठ्या फायली या डेस्कटॉपमधून नेऊ नका. त्यासाठी विनएससीपी वापरा, ते त्याच चावीवर आणि त्याच २२ पोर्टवर चालतं.

व्हीएनसी (दूरचा डेस्कटॉप बघायचा दुसरा मार्ग) का नाही, असं कुणी विचारेल. व्हीएनसीही चांगलं आहे, १९९८ पासून आहे, पण त्याचा जुना पासवर्ड फक्त पहिली ८ अक्षरं बघतो, आणि विंडोजवर वेगळा प्रोग्रॅम बसवावा लागतो. वापरायचंच असेल तर तेही याच बोगद्यातून न्या, फक्त ३३८९ च्या जागी ५९०१.

काम थांबवताना दोन गोष्टींतला फरक लक्षात ठेवा. रिमोट डेस्कटॉपची खिडकी फुलीवर दाबून बंद केलीत तर आतलं सगळं चालू राहतं, रात्रभर चालणाऱ्या कामासाठी तेच हवं. एक्सएफसीईच्या मेनूतून लॉगआउट केलंत तर सगळे प्रोग्रॅम बंद होतात. आणि कंपनीच्या वेबसाइटवरून सर्व्हरच बंद करून दुसऱ्या दिवशी चालू केलात, तर काही ठिकाणी त्याचा पत्ता बदलतो. मग जुन्या पत्त्यावर बोगदा लागत नाही. कायमचा पत्ता राखून ठेवायची सोय असते, ती सुरुवातीलाच घ्या. आणि बंद ठेवलेल्या सर्व्हरच्या डिस्कचं भाडं बऱ्याच ठिकाणी चालूच राहतं. त्यामुळे प्रकल्प संपल्यावर फायली उतरवून घ्या, त्या लॅपटॉपवर उघडतायत ना ते बघा आणि सर्व्हर पुसून टाका.